चरबी सांगणारा घरगुती वजनकाटा: कोणता आकडा घ्यावा, कोणता सोडावा

वजनाबरोबर चरबीचे प्रमाण, स्नायूंचे वजन, शरीरातील पाणी, हाडांचे वजन, पोटातील चरबीची पातळी आणि ‘शरीराचे वय’ अशा दहा-बारा आकड्यांची यादी मोबाईलवर पाठवणारे काचेचे चपटे काटे आता सहज मिळतात. साधारण हजार ते तीन हजार रुपयांच्या दरम्यान त्यांची किंमत असते. असा एक काटा आमच्या घरी बऱ्याच काळापासून रोजच्या वापरात आहे. या किमतीतील बहुतेक काट्यांची मोजण्याची रीत सारखीच असल्यामुळे हे परीक्षण एका कंपनीच्या वस्तूचे नसून या प्रकारच्या उपकरणाचे आहे, असे समजून वाचावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. हा काटा प्रत्यक्षात दोनच गोष्टी मोजतो: आपले वजन आणि आपल्या पायांतून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहाला शरीराकडून होणारा विरोध. यादीतले बाकी सगळे आकडे या दोन मापांवरून आणि आपण ॲपमध्ये भरलेल्या उंची, वय व लिंग यांवरून सूत्राने काढलेले असतात. एवढे एक लक्षात ठेवले तर हा काटा उपयोगी आहे. ते विसरले तर तो माणसाला विनाकारण हैराण करू शकतो.

वजनाच्या मापाविषयी माझी काही तक्रार नाही. काट्याच्या चार कोपऱ्यांखाली भार पडल्यावर किंचित वाकणारे चार संवेदक असतात आणि त्या वाकण्यावरून वजन ठरते. हे तंत्र जुने, स्वस्त आणि विश्वासार्ह आहे. मात्र त्यासाठी चारही पायांखालची जमीन कडक आणि समतल असावी लागते. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा हमखास चुकीचे वजन दाखवतो. जुन्या वाड्यांतल्या, उंचसखल शहाबादी फरशीच्या घरांत तर एकाच खोलीत दोन ठिकाणी दोन वेगळी वजने दिसू शकतात. त्यामुळे काट्यासाठी एक जागा कायमची ठरवावी आणि तो तिथून हलवू नये.

नवा काटा तपासण्याची एक पद्धत सर्वांना माहीत असायला हवी. काट्यावर लागोपाठ दोनदा उभे राहिल्यावर अगदी तोच आकडा दिसला म्हणजे काटा अचूक आहे, असा समज असतो. पण यातले अनेक काटे आधीचे वजन लक्षात ठेवतात आणि नवे वजन त्याच्या जवळपास असेल तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. म्हणून एकदा वजन करावे, मग पाण्याची भरलेली एक लिटरची बाटली हातात घेऊन पुन्हा करावे, त्यानंतर बाटली खाली ठेवून तिसऱ्यांदा करावे. मधला आकडा साधारण एक किलोने वाढला आणि तिसरा पुन्हा खाली आला, तर वजनाच्या बाबतीत काटा निर्धास्तपणे वापरावा. हीच चाचणी अर्ध्या लिटरच्या बाटलीने केली तर काट्याचा खरा कस लागतो.

आता चरबीकडे वळू. काट्याच्या पृष्ठभागावरील धातूच्या पट्ट्यांतून, बहुधा 50 किलोहर्ट्‌झ वारंवारतेचा आणि एक मिलिअँपिअरच्या आतला प्रवाह एका पावलातून आत शिरतो, त्या पायातून वर जातो आणि दुसऱ्या पायातून खाली उतरतो. स्नायूंमध्ये पाणी आणि क्षार भरपूर असल्यामुळे त्यांतून वीज सहज वाहते. चरबीत पाणी फार थोडे असल्यामुळे तिचा अडथळा जास्त असतो. या अडथळ्यावरून आणि उंचीवरून शरीरातील एकूण पाण्याचा अंदाज काढला जातो. चरबी वगळून उरलेल्या शरीरात सुमारे 73 टक्के पाणी असते, असे गृहीत धरून त्या भागाचे वजन काढले जाते आणि ते एकूण वजनातून वजा केल्यावर जे उरते त्याला चरबी म्हटले जाते. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो, तो वजाबाकीतून आलेला आहे आणि त्याआधीच्या प्रत्येक पायरीवर एकेक गृहीतक आहे.

ही गोष्ट कोणालाही घरी पडताळून पाहता येते. मी ॲपमध्ये स्वतःची उंची 10 सेंटीमीटरने वाढवून लगेच पुन्हा काट्यावर उभी राहिले, तेव्हा चरबीचे प्रमाण लक्षणीय घटले. उंची पूर्ववत करून वय 20 वर्षांनी कमी केले, तेव्हा आकडा पुन्हा बदलला. काही ॲपमध्ये ‘खेळाडू’ असा पर्याय असतो. तो निवडल्यावर त्याच शरीरातली चरबी एका क्षणात कमी होते. या काही मिनिटांत शरीरात काहीच बदललेले नसते, बदललेले असते ते फक्त सूत्र. ही सूत्रे कोणत्या लोकसमूहाच्या मोजणीवरून बसवली आहेत, हे माझ्या काट्याच्या माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेले नाही, आणि माझ्या मते या वस्तूचा हा सर्वांत गंभीर दोष आहे.

भारतीय माणसाच्या बाबतीत हा दोष अधिक गंभीर का ठरतो, हे समजून घेण्यासाठी पुण्यातच झालेल्या संशोधनाकडे पाहावे लागते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, 22.3 होता. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे 9.1 टक्के आणि याज्ञिक यांचे 21.2 टक्के निघाले. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी तुलनेने जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे या एका तुलनेने जगासमोर स्पष्टपणे मांडले. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात हीच गोष्ट नवजात बाळांमध्येही आढळली: तिथल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो, पण वजनात एवढी तफावत असूनही आपल्याकडच्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती.

हे वाचल्यावर वाटते की, चरबी वेगळी मोजून दाखवणारे उपकरण आपल्याला तर सर्वांत जास्त हवे. ते खरेही आहे. केवळ बीएमआयवर विसंबून राहिलेला, वजन ‘योग्य’ असलेला आणि तरीही मधुमेहाच्या वाटेवर असलेला माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असतो. पण ज्यांच्या शरीराची ठेवण इतकी वेगळी आहे, त्यांच्यासाठी सूत्रही वेगळे हवे, आणि ते आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. त्यातच पावलांतून जाणारा प्रवाह मुख्यतः दोन्ही पाय आणि ओटीपोटाचा खालचा भाग यांतूनच फिरतो. छाती, हात आणि पोटाचा मोठा भाग त्याच्या वाटेत येतच नाही. आपला खरा धोका पोटाभोवतीच्या चरबीत आहे, आणि नेमकी तीच चरबी काटा पायांवरून अंदाजाने सांगतो. पोटातील चरबीची जी ‘पातळी’ ॲपमध्ये दिसते, तिला मी म्हणूनच काहीही महत्त्व देत नाही. काही व्यायामशाळांत हातांत मुठी धरायच्या, आठ इलेक्ट्रोडच्या मोठ्या यंत्रावर ही तपासणी होते. त्यात हात आणि धड यांतूनही प्रवाह जात असल्याने ती घरगुती काट्यापेक्षा बरी, पण सूत्राचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

पोटासाठी शिंप्याची टेप या काट्यापेक्षा नि:संशय सरस आहे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कडा यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यानंतर, पोट आत न ओढता टेप आडवी धरून घेर मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत 90 सेंटीमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा त्याहून सोपा नियम, आणि तो लक्षातही राहतो. साडीची किंवा पॅंटची नेहमीची कंबर म्हणजे हे माप नव्हे, कारण बहुतेक जण कपडा पोटाच्या खाली बांधतात. काट्याबरोबर टेपची नोंद ठेवण्याची सोय ॲपमध्ये असेल तर ती जरूर वापरावी. माझ्या ॲपमध्ये नाही, म्हणून ती नोंद मी साध्या वहीत ठेवते.

बीएमआयच्या बाबतीतही ॲपची मांडणी आपल्याकडे चालत नाही. माझ्या ॲपमध्ये 25 पर्यंतचा बीएमआय हिरव्या रंगात, ‘सामान्य’ म्हणून दिसतो. भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहमतीनुसार आपल्यासाठी 18 ते 22.9 हा योग्य टप्पा आहे, 23 पासून वजन जास्त मानावे आणि 25 पासून लठ्ठपणा. भारतात विकल्या जाणाऱ्या वस्तूत भारतीय मर्यादा नसाव्यात, याला कोणतेच तांत्रिक कारण नाही. सॉफ्टवेअरमधले दोन आकडे बदलण्यापुरते ते काम आहे. शिवाय माझे ॲप मराठीत नाही. घरातल्या ज्या ज्येष्ठांना त्याचा उपयोग झाला असता, त्यांना दर वेळी कोणीतरी वाचून दाखवावे लागते.

एवढे दोष सांगूनही मी हा काटा रोज वापरते, याचे कारण म्हणजे त्याची नोंद ठेवण्याची शिस्त. एका दिवसाचा आकडा जवळजवळ निरर्थक असतो, पण महिन्यांच्या नोंदींतून दिसणारी दिशा खरी असते. ती दिशा विश्वासार्ह व्हावी म्हणून वेळ आणि परिस्थिती सारखी ठेवावी लागते. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, अंघोळीपूर्वी, अनवाणी आणि कोरड्या पायांनी मोजणे सर्वांत चांगले. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर किंवा व्यायाम झाल्या झाल्या त्वचेतला रक्तप्रवाह वाढलेला असतो आणि घामामुळे पाण्याचे गणित बदललेले असते, त्यामुळे चरबीचा आकडा फसवा येतो. टाचा फार कोरड्या किंवा भेगाळलेल्या असतील तर प्रवाहाला त्वचेपाशीच अडथळा होतो. हिवाळ्यात हा फरक मला स्पष्ट जाणवला.

रोजच्या चढउतारामागे बहुधा पाणी असते, हे एकदा समजले की काट्याची भीती जाते. शरीर पिष्टमय पदार्थांतली साखर स्नायूंत आणि यकृतात साठवते आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. लग्नाच्या पंगतीनंतर किंवा गणपतीच्या दिवसांत मोदक-पुरणपोळी झाल्यावर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर पुढे गेला, तर त्यात हे पाणी आणि मिठामुळे थांबलेले पाणी मुख्य असते. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. एका जेवणात गरजेपेक्षा तेवढे जास्त खाणे कोणालाही शक्य नाही. त्याचप्रमाणे निर्जळी एकादशीनंतर काटा खाली आला म्हणून चरबी गेली, असेही होत नाही. स्त्रियांच्या बाबतीत पाळीच्या आधीचे काही दिवस वजन आणि चरबी दोन्ही आकडे वाढलेले दिसू शकतात. त्यामुळे आज आणि काल यांची तुलना न करता या महिन्यातल्या आठवड्याची सरासरी मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावी. ॲपमध्ये साप्ताहिक सरासरीचा आलेख असेल, तर तोच मुख्य पडद्यावर ठेवावा.

या आलेखाचा खरा फायदा मला वजन स्थिर असताना झाला. टेकडीवरच्या चालण्याला आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याच्या व्यायामाची जोड दिल्यानंतर बराच काळ काट्यावरचे वजन जागचे हलले नाही. साध्या काट्यावर मला हा व्यायाम व्यर्थ वाटला असता. इथे चरबीचा आलेख सावकाश खाली जाताना दिसत होता, टेपवरचा पोटाचा घेर कमी होत होता, आणि बाजाराच्या दोन्ही भरलेल्या पिशव्या घेऊन जिना चढताना पूर्वीसारखे मध्ये थांबावे लागत नव्हते. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला असल्या की त्या दिशेवर भरवसा ठेवायला हरकत नाही. काटा आणि टेप एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील, तर मी टेपचे ऐकते.

ॲपच्या भाषेविषयी मात्र मला कठोरपणे लिहावेसे वाटते. मोजणी होताच शंभरपैकी गुण, लाल रंगातले ‘कमी’, ‘अपुरे’, ‘लठ्ठ’ असे शेरे आणि ‘शरीराचे वय’ पडद्यावर येते. या वयाला ठोस वैद्यकीय आधार नाही. तो वजन, वय आणि अंदाजे चरबी यांतून केलेला हिशेब आहे. पण पन्नाशीतल्या बाईला सकाळी उठल्या उठल्या तिचे शरीर साठीचे आहे असे सांगितले, तर तिचा तो दिवस कसा जाईल, याचा विचार ॲप बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. आपल्याकडे बायकांच्या अंगाविषयी बोलायला आधीच नात्यातले सगळे मोकळे असतात. बाळंतपणानंतर सुटलेले पोट, रजोनिवृत्तीनंतर बदललेली ठेवण, पाठीवर साठलेली चरबी यांवर कोणी ना कोणी बोलतेच. त्यात घरातल्या यंत्राची भर नको. शरीराविषयी बरे वाटणे हे व्यायाम टिकण्याचे मोठे कारण असते. ज्या शरीराची लाज वाटते, त्याला रोज टेकडीवर न्यावेसे वाटत नाही. म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन गुण, शरीराचे वय आणि शरीराचा ‘प्रकार’ हे तिन्ही पडद्यावरून काढून टाकले. काही ॲपमध्ये निकालाचे रंगीत चित्र थेट व्हॉट्सॲपवर पाठवण्याचे बटण असते. कुटुंबाच्या गटात कोणाच्याही शरीराचे असे चित्र जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच कारणाने वाढत्या वयातल्या मुलामुलींना या काट्यापासून दूर ठेवावे. वाढीच्या वयात शरीरातील पाणी, हाडे आणि स्नायू यांचे प्रमाण सतत बदलत असते आणि मोठ्यांचे सूत्र त्यांना लागू पडत नाही. मोठ्यांसाठीचा बीएमआयही मुलांना तसाच लावायचा नसतो. त्यांच्यासाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात. आमच्या घरी मुलीच्या नावाचे खाते ॲपमध्ये उघडलेलेच नाही. ज्यांना पूर्वी खाण्याविषयी अतिचिंतेचा किंवा उपाशी राहण्याचा त्रास झाला आहे, त्यांनीही हा काटा घेऊ नये.

ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा तसे विजेवर चालणारे उपकरण बसवले आहे, त्यांनी या काट्यावर उभे राहू नये. गरोदरपणात चरबी मोजण्याची सुविधा बंद ठेवावी; बहुतेक काट्यांत केवळ वजन मोजण्याचा पर्याय असतो. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र वजनाची नियमित नोंद फार मोलाची आहे, आणि ती वेगळ्या कारणासाठी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे वजन प्रयत्नाशिवाय उतरत असेल तर ते अभिनंदनाचे कारण नसून डॉक्टरांकडे जाण्याचे कारण असते. माझ्या सासूबाईंच्या खात्यात मी म्हणूनच चरबी बंद करून फक्त वजन ठेवले आहे, आणि ते खाली जात नाही ना, याकडे आमचे लक्ष असते.

घ्यावा की नाही, याचे माझे उत्तर असे. ज्यांचे चालणे किंवा व्यायाम आधीच सुरू आहे, ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाबामुळे वजनावर नजर ठेवायची आहे आणि जे आकड्यांकडे महिन्यांच्या हिशेबाने पाहू शकतात, त्यांच्यासाठी दीड-दोन हजारांपर्यंतचा काटा योग्य खरेदी आहे. त्याहून महाग काट्यांत आकड्यांची संख्या वाढते, खात्रीलायकपणा त्या प्रमाणात वाढत नाही. ज्यांना केवळ वजन कमी करायला सुरुवात करायची आहे, त्यांना साधा डिजिटल काटा आणि शिंप्याची टेप पुरेशी आहे. उरलेल्या पैशांत चांगले बूट घ्यावेत.

घेण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. काटा साध्या पेन्सिल सेलवर चालणारा असावा, कारण आतली बॅटरी खराब झाली तर पूर्ण काटाच टाकावा लागतो. ॲपशिवायही वजन काट्याच्या पडद्यावर दिसले पाहिजे, अन्यथा कंपनीने ॲप बंद केल्यावर काटा निरुपयोगी होतो. कोणते आकडे दाखवायचे हे निवडण्याची सोय असावी, घरातल्या प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवता यावे आणि नोंदी फाईलच्या रूपात बाहेर काढता याव्यात. नोंदणी करताना ॲप फोनमधील संपर्क किंवा छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागत असेल तर ती नाकारावी. वजन मोजण्यासाठी तिची गरज नसते. काच गुळगुळीत असेल तर ओल्या पायांनी घसरण्याचा धोका असतो, विशेषतः ज्येष्ठांना, म्हणून काटा न्हाणीघराजवळ न ठेवता हात टेकायला भिंत असेल अशा कोरड्या जागी ठेवावा.